मंगळवार ओळखणारी गाडी

आमच्या गाडीला मंगळवार कळायचा. गुरुवार आणि शनिवारही कळायचा. बाकीच्या दिवशी ती शहाण्या मुलीसारखी वागायची. बाजाराला न्या, कुणाच्या साखरपुड्याला न्या, रेवदंड्याला मिक्सरचं भांडं दुरुस्तीला न्या, बटण दाबलं की आवाजसुद्धा न करता तयार. पण डायलिसिसचा दिवस उजाडला की मेलीच्या अंगात यायचं. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसायचे. गाडीला वार कसा कळेल, म्हणायचे. मी म्हणायचे, या, चार दिवस राहा आमच्याकडे आणि बघा मग.

आमचं गाव रेवदंडा आणि मुरुडच्या मधे, मोठ्या रस्त्यावरून समुद्राकडे उतरलं की लागतं. घर, घरामागे नारळाची वाडी, आणि घरात आम्ही तिघंच. मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. मुलगी लग्न करून लांब गेली. नवऱ्याच्या किडन्या हळूहळू गेल्या आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता मशीनशिवाय चालणार नाही. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा अलिबाग. आमची पाळी सकाळची. वेळेवर पोचलो नाही तर खुर्ची पुढच्या माणसाला देतात. त्यांना तरी काय बोलणार? बाहेरच्या बाकावर पुढचा माणूस, त्याची बायको, त्यांचा डबा, सगळे येऊन बसलेलेच असतात. आणि खुर्ची गेली की नुसती खुर्ची जात नाही. लघवी होत नाही, प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, मग पोट, मग छातीत दम भरतो. म्हणजे आमच्या घरात गाडी चालू होणं ही गाडीची गोष्ट राहिलीच नव्हती.

गाडी घेतली तेव्हा असं काही डोक्यातच नव्हतं. इथे समुद्राकाठी बंगला बांधून शनिवार-रविवार येणारे एक मुंबईचे गृहस्थ होते. त्यांनी नवीन गाडी घेतली आणि जुनी आमच्या ह्यांनी उचलली. हायब्रिड! तो शब्द त्यांनी आठवडाभर गावभर वाटला.

"अगं, ही चालता चालता स्वतःच स्वतःला चार्ज करते," ते मला म्हणाले.

"मग पेट्रोल कशाला भरताय?"

"पेट्रोल पण लागतं. दोन्ही लागतं."

"म्हणजे माझ्यासारखंच. घरचं पण बघायचं आणि बाहेरचं पण."

यावर ते असे हसले होते की सासूबाई बाहेर येऊन विचारायला लागल्या, काय झाला, काय झाला. तो हसरा, जाडजूड माणूस मला आठवतो. त्यांनीच मला समजावलं होतं की हिला बॅटऱ्या दोन. मोठी मागच्या सीटखाली, ती गाडी चालवते. आणि एक छोटी, नेहमीच्या गाडीला असते तशी, ती मोठीला उठवते. छोटी झोपली की मोठी कितीही धट्टीकट्टी असली तरी उठत नाही. मी तेव्हा हे सगळं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं. पुढे त्यातला शब्द न् शब्द पाठ झाला.

पहिल्यांदा गाडी मेली तो दिवस मला आठवतोय. ह्यांना घरातून धरून आणलं, पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर चादर, पायाशी पिशवी. गाडी मीच चालवते आता. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काचेमागे एक दिवा लुकलुकला आणि विझला. दार उघडझाप करायचं लॉक पण मेलं. मी म्हटलं, बॅटरी असेल, शेजारच्या रिक्षावरून वायर लावू. तर छोटी बॅटरी डिकीत. आणि डिकी उघडते विजेवर! कुणी बनवलं हे डोकं? कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद केल्यासारखं. "पुढच्या बॉनेटमधे पण एक जागा आहे वायर लावायची," हे आतून सांगत होते, पण माझं डोकं इतकं तापलं होतं की मी ऐकलंच नाही.

तोवर आळी जमा झाली. आमच्या आळीला ढकलायची भारी हौस. होडी वाळूवर ओढायची म्हटलं की हातातलं काम टाकून येणारी माणसं, त्यांना गाडी काय जड? कुणी न बोलावता आठ-दहा जण मागे लागले, एकजण आरोळी द्यायला. आरोळी दिली, सगळ्यांनी जोर लावला, गाडी तसूभर हलली नाही.

"वैनी, ब्रेक लावलाय काय?"

"नाही हो. ती अशी ढकलून चालू होत नाही. तिची चाकंच आतून बांधलेली असतात."

"धक्क्यानं चालू व्हत न्हाय अशी गाडी असते व्हय?" आरोळी देणाऱ्याला हे इतकं अपमानास्पद वाटलं की त्यानं सगळ्यांना परत जोर लावायला लावला. आत माझा नवरा हसत होता. मी रडकुंडीला आले होते. शेवटी रिक्षावाल्याच्या वायरीनं बॉनेटमधल्या त्या जागेवरून गाडी उठली आणि आम्ही कसेबसे वेळेत पोचलो.

त्यानंतर रेवदंड्याच्या मेकॅनिकला दाखवलं. गेली कित्येक वर्षं आमच्या घरातल्या सगळ्या गाड्या त्यानं हाताळलेल्या. त्यानं बॉनेट उघडलं, आतल्या जाड नारंगी वायरी बघितल्या आणि तापल्या तव्याला बोट लागावं तसा हात मागे घेतला. "वैनी, हिला मी नाय हात लावायचा. ह्या नारंगीत करंट हाय, साधासुधा नाय. मला काय झाला तर माझी बायको तुमच्या दारात येऊन बसंल." डिकीतली छोटी बॅटरी तेवढी त्यानं नवीन बसवून दिली. महिनाभर बरं चाललं. मग एका गुरुवारी परत तेच.

मग पनवेल. मोठं सर्व्हिस सेंटर, काचेचं. आत इतकं थंड की ह्यांना शाल घ्यायला लागली. तिथे गाडी अशी वागली की जणू माहेरी आलीय. एकदा नाही, प्रत्येक वेळी चालू. कंप्युटर लावला, कंप्युटर म्हणाला, काही दोष नाही. टाय लावलेला एक तरुण साहेब समोर बसला आणि प्रश्न विचारत गेला. गाडी रोज चालवता का? दिवे चालू राहतात का? चावी गाडीपासून लांब ठेवता ना?

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं. "खिळ्याला. तिथून कुठे हलत नाही."

हे मी छातीठोकपणे सांगितलं. का नाही सांगणार? चावी एकच होती. दुसरी त्या बंगलेवाल्यांनी कुठे हरवली ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणून घरात मी सक्त ताकीद दिली होती की चावीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. एकदा सासूबाईंनी ती उचलून फळीवर ठेवली होती तेव्हा मी त्यांना बोलले पण होते. "आई, इकडची वस्तू तिकडे करू नका हो. ही हरवली तर आपण संपलो." त्यांनी चावी मुकाट्यानं परत खिळ्याला लावली.

साहेब मान हलवत म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे हवा खारी आहे. त्याचा परिणाम होतो."

हवा खारीच असणार. समुद्र आहे बाबा तिथे! पण मी मूग गिळून बसले, कारण बाहेर सोफ्यावर हे डोळे मिटून बसले होते आणि मला त्यांना ऊन चढायच्या आत घरी न्यायचं होतं.

आणि मग तो शनिवार आला. गाडी मेलेली. रिक्षावाला पहाटेच कुणाला तरी घेऊन मुरुडला गेलेला. बॅटरीला वायर लावायला दुसरी गाडी मिळेना. आम्ही वर रस्त्यावर जाऊन एसटी धरली. ह्यांना खिडकीशी बसवलं आणि मी वाटेत उभी, प्रत्येक वळणावर त्यांच्या खांद्याला धरून. पोचलो तेव्हा आमच्या खुर्चीवर एक म्हातारे आजोबा होते, सुया टोचून झालेल्या. सिस्टर बिचारी वाईट तोंड करून म्हणाली, उद्या बंद असतं, सोमवारी सकाळी पहिले या. गुरुवारपासून पाणी साठलेलं, त्यात रविवार.

रविवारभर ते उशांना टेकून बसून राहिले. आडवं झालं की दम लागायचा. सासूबाई पायाशी बसल्या होत्या. त्या मधूनच अंगठ्यानं त्यांच्या घोट्यावर दाबायच्या, खळगा पडायचा, तो भरून यायची वाट बघायच्या आणि परत दाबायच्या. मी ओरडले, "आई, नका ना दाबू!" त्यांनी हात मागे घेतला, पण डोळे त्या घोट्यावरून हलले नाहीत. दुपारी हे म्हणाले, "बर्फाचा एक खडा दे." मी लहानसा खडा दिला. मागच्या दाराशी वाडी, माडावर शहाळी लगडलेली, आणि घरच्या मालकाला त्यातला घोटभर चालत नाही. शहाळ्यात पोटॅशियम असतं, ते किडनी गेलेल्या माणसाचं हृदय बंद पाडू शकतं. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी डॉक्टरांशी भांडले होते. आमच्याकडे आजारी माणसाला पहिलं काय देतात? शहाळंच ना?

सोमवारी रिक्षा करून गेलो. निभावलं. पण त्या रविवारनंतर माझी झोप गेली. डायलिसिसच्या आदल्या दिवशी संध्याकाळपासून मी पडवीत खेपा घालायची. मी दोनदा गाडी चालू करून बघायची, चालू व्हायची. सकाळी मेलेली. रात्रीत हिला काय होतं? कोण येऊन हिचं रक्त शोषतं? ह्यांचं ते मशीन तरी स्वच्छ करून परत देतं.

मधे सासूबाई पेणला माझ्या नणंदेकडे गेल्या. तिच्या घरी काही कार्य होतं, मग त्यांना तिनं ठेवूनच घेतलं, चांगला महिनाभर. आणि त्या महिन्यात गाडी एकदाही रुसली नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, बटण दाबलं की तयार. मला इतकं हलकं वाटायला लागलं की मी वाटेत गाणी लावायला लागले. साळावच्या पुलावर एकदा मी ह्यांना म्हटलं, "अहो, बघा. तुमची आई घरात नसली की गाडी कशी खूश असते."

"तुला पण बरं वाटतंय वाटतं," ते म्हणाले.

"इश्श! मी असं कुठे म्हटलं?"

गंमत होती ती, नुसती गंमत. पण सासूबाई सोमवारी परत आल्या, आणि मंगळवारी सकाळी गाडी मेलेली. रिक्षावाल्याच्या वायरीवर उठवून आम्ही गेलो. जाताना पुलावर मला ती गंमत आठवली आणि हसू आलं नाही.

गुरुवारी मी पहाटे लवकर उठले. म्हटलं, आज वेळ हाताशी ठेवूनच गाडी तपासायची, म्हणजे मेली असली तर रिक्षावाल्याला गाठता येईल. स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला. खिळ्याला चावी नाही.

 डबे हलवले, ओट्याखाली बघितलं, ह्यांच्या शर्टाचे खिसे चाचपले. मग पुढच्या खोलीत उजेड दिसला. देव्हाऱ्यात दिवा होता आणि सासूबाई पाटावर बसल्या होत्या. देवापुढे ताम्हण, ताम्हणात गाडीची चावी, चावीवर एक लाल जास्वंद.

"आई?"

त्या दचकल्या. लगेच चावी उचलून पदरानं पुसायला लागल्या. "लावनारच व्हते गं परत खिल्याला. तू उठायच्या आधी लावते मी रोज."

"रोज?"

"रोज कशाला? त्याला न्यायचा असला की आदल्या सांजेला. तुमी आत गेलात की ठेवते."

मग त्यांनी सांगितलं. माझे सासरे होडीवर जायचे. तेव्हा इंजिन हँडल फिरवून चालू करायचं. होडी निघायच्या आदल्या संध्याकाळी ते लोखंडी हँडल घरी आणायचं आणि देवापुढे ठेवायचं, ही सासऱ्यांच्या आईनं घालून दिलेली रीत. पहाटे तिथूनच उचलून न्यायचं. किती वादळं आली, किती होड्या गेल्या, आमचे सासरे प्रत्येक वेळी परत आले. घरात, अंथरुणावर, म्हातारे होऊन गेले. "हँडल हाय अजून माल्यावर," सासूबाई म्हणाल्या. "पन आता ही गाडी. हिला हँडल कुठाय? मंग चावीच ठेवायची ना?"

मी देव्हाऱ्याकडे बघत होते. देव्हारा ज्या भिंतीला आहे त्या भिंतीच्या पलीकडे पडवी. पडवीत गाडी. भिंतीला खेटून उभी, कारण बाहेर उन्हात ती तापते म्हणून मीच ती आत सरकवून ठेवायची. चावी आणि गाडी यांच्यामधे फक्त एक वीट. चावी गाडीपासून लांब ठेवता ना? त्या साहेबाचा आवाज माझ्या कानात आला. ही चावी भोकात घालायची नसते. ती जवळ आली की गाडीला कळतं, गाडी जागी होते, मालक आले म्हणून वाट बघत बसते. रात्रभर. छोटी बॅटरी संपेपर्यंत.

आणि नेमकं न्यायच्याच आदल्या रात्री.

मला हसू फुटलं की रडू, मला खरंच आठवत नाही. आणि मी बोलून गेले. जीभ आवरायला हवी होती, पण इतक्या महिन्यांचं सगळं साठलेलं.

"आई, ही चावीच बॅटरी खाते. इथे ठेवली की गाडी रात्रभर जागते आणि सकाळी मरते. म्हणूनच होत होतं हे सगळं."

"देवापुढं ठेवलेली?"

"देवाचं काही नाही हो. भिंतीपलीकडे गाडी आहे ना. लांब ठेवली असती तर काही झालं नसतं."

त्यांनी ताम्हणातलं फूल उचललं, परत ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्या शनवारी... त्याला दम लागलेला... ते माझ्यामुलं?"

"नाही हो, तसं नाही," मी म्हटलं. पण मी ते उशिरा म्हटलं. मधे जो क्षण गेला तो त्यांनी मोजला असणार.

त्या दिवशी गाडीत मी ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, हसतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "सांगायला कशाला हवं होतं? चावी पत्र्याच्या डब्यात घालून ठेवली तरी गाडीला कळत नाही. डबा ठेवला असता देवापुढे."

"मला काय ठाऊक?"

"मला विचारायचंस."

घरी येऊन मी सासूबाईंपुढे स्टीलचा डबा धरला. नवा, झाकणाचा, चांगला घट्ट. म्हटलं, आई, ह्यात घालून खुशाल ठेवा. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि मान हलवली. "झाकन लावून देवापुढं काय ठेवायचा गं?" एवढंच म्हणाल्या आणि वाडीत निघून गेल्या. तो डबा मी साखरेला घेतला.

गाडी सुधारली. पुढचे कितीतरी आठवडे एकदाही दगा दिला नाही. पनवेलच्या साहेबाला मी फोन करून ऐकवलं, हवा खारी नव्हती म्हणून! मला वाटायचं, जिंकलो. पण घरात काहीतरी बिघडलं होतं. सासूबाई चावीला हात लावत नव्हत्या, ते ठीक. पण त्या गाडीलाही हात लावेनात. आधी आम्ही निघताना त्या ह्यांच्या खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या, मांडीवरची चादर नीट करायच्या, गालावरून हात फिरवायच्या. मिशा पांढऱ्या झालेल्या मुलाच्या गालावरून. आता त्या पडवीच्या टोकाला खांबाशी उभ्या राहायच्या, हात पदराखाली घेऊन. आपली सावलीसुद्धा गाडीवर पडू नये अशा. आदल्या संध्याकाळी दिवा लावायच्या आणि लगेच उठायच्या. मी दोनदा म्हटलं, आई, या ना जवळ, काही होत नाही. त्या म्हणायच्या, "इथं बरी हाय मी."

ह्यांनीही एकदा हाक मारली, "आई, ये गं इकडे." त्या आल्या नाहीत. तिथूनच हात हलवला.

मग गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मंगळवार. चावी रात्रभर खिळ्यालाच होती, मी झोपताना बघितली होती, उठल्यावर बघितली. ह्यांना बसवलं. आदल्या आठवड्यात त्यांचं वजन जास्त भरलं होतं, घोटे सकाळपासूनच टम्म. बटण दाबलं. दिवे लागले. सगळेच दिवे लागले, एरवी कधी न बघितलेले, त्यात एक लाल त्रिकोण. गाडी जागी होती, पण चालायला तयार नव्हती. परत दाबलं. त्रिकोण. हे वाकून बघायला लागले आणि म्हणाले, "ही छोटी नाही. मोठी गेली."

"म्हणजे?"

"सीटखालची. जुनी झालीय गं. तिचं वय झालं."

त्यावर ना वायर, ना धक्का, ना रेवदंड्याचा मेकॅनिक.  मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिले. उतरायला हवं होतं, रिक्षावाल्याला हाक मारायला हवी होती, आणि माझे पाय उचलत नव्हते. तेवढ्यात आवाज आला.

"बाय..."

सासूबाई खांबापासून निघून चार पावलं पुढे आल्या होत्या. दोन्ही हात पुढे केलेले, तळवे वर. लहान मुलाला 'दाखव काय घेतलंस' म्हटल्यावर ते दाखवतं तसे.

"बाय, मी ठेवली न्हाय. देवाची आन, मी हात लावला न्हाय गं चावीला."

मला कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं. ऐंशीच्या घरातली बाई, आणि मला हात दाखवतेय. मी दार उघडून धावले, ते हात धरले. "आई, माहीत आहे मला. चावी खिळ्यालाच होती. तुमचं काही नाही. कधीच काही नव्हतं." त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून, गाडीच्या खिडकीकडे, तिथल्या त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "मंग आता कसा नेशील त्याला?" म्हणाल्या.

रिक्षानं नेलं. रेवदंड्यापर्यंत, तिथून दुसरी. त्या दिवशी खुर्ची मिळाली. पुढचं काय, ते विचारायचं मी टाळत होते. ती मोठी बॅटरी बदलणं आमच्या आवाक्यातलं नाही, हे पनवेलच्या साहेबानं फोनवर खूप गोड आवाजात सांगितलं. आणि आता रिक्षातून हादरे खात जाऊन-येऊन ह्यांचे काय हाल होतात ते मी बघते. परत येताना त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर असतं आणि ते 'अजून किती' असं विचारत नाहीत, हेच मला जास्त लागतं. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. मी काही करू शकत नाही. गाडीचं नाही, ह्यांचं नाही.

एका बुधवारी संध्याकाळी सासूबाईंनी दिवा लावला. उद्या परत जायचं होतं, रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. त्या नेहमीसारख्या लगेच उठायला लागल्या. मी स्वयंपाकघरातून चावी घेऊन आले आणि त्यांच्यापुढे धरली.

"ठेवा आई. आता गाडीच बंद आहे. काही बिघडत नाही."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको, बाय."

"ठेवा ना."

"नको गं. तूच ठेव."

मी ताम्हण पुढे ओढलं आणि चावी त्यात ठेवली. फूल नव्हतं, मी बाहेर जाऊन जास्वंदीचं एक तोडून आणलं, ते वर ठेवलं. मग हात जोडले आणि अडले. मला देवाशी बोलायची सवय नाही. बोललेच तर भांडायला.

"आई, काय म्हणायचं असतं?"

त्या माझ्या शेजारी टेकल्या. आतून ह्यांचा खोकल्याचा आवाज आला, दोघींनी तिकडे बघितलं, तो थांबेपर्यंत थांबलो.

"काय म्हनायचा नसतं," त्या म्हणाल्या. "नुसता सांगायचा. सकाली जायाचा हाय, आनि परत यायाचा हाय."

मी तेवढंच सांगितलं.